माळ्यावरच्या एकतीस गाड्या

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई,
मी नौपाड्यात राहतो. वय ४६, सहकारी बँकेत नोकरी. लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर एकाला प्लॅस्टिकच्या किटमधून गाडी जोडताना पाहिलं आणि वेड लागलं. आज माझ्याकडे ३१ किट आहेत, बहुतेक १:२४ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी, काही १:२५ ची. त्यातली पूर्ण केलेली दोन. दुसरी, लाल फेरारी, मी आमच्या ग्रुपवर टाकली. तिथल्या एका ज्येष्ठ सभासदाने सगळ्यांसमोर लिहिलं, की लाल रंग मातकट झालाय, बॉनेटवर धूळ आहे आणि पुढची चाकं उंच बसलीत. ते खोटंही नव्हतं. त्यानंतर दीड वर्ष मी एकही बॉक्स उघडलेला नाही. विकत मात्र घेतोय. नवं किट आलं की बॉक्सचा फोटो टाकतो, भरपूर अंगठे येतात.
आता आमची बिल्डिंग पुनर्विकासाला चाललीय. दिवाळीनंतर घर रिकामं करायचं आणि तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत राहायचं. तिथे माळा नाही. बायको म्हणते, “एक तर बनव, नाहीतर विक.” मी तिला सांगितलंय की ही गुंतवणूक आहे, भाव वाढतात. खरं सांगायचं तर निम्मी पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर मागवलीत, तिला पंधरा-सोळाच माहीत आहेत. मुलगी दहावीत आहे, आईला दमा आहे, त्यामुळे घरात स्प्रे मारायची सोय नाही. यादी सोबत जोडली आहे. सगळं विकून मोकळा होऊ का? की हा छंद माझ्यासाठी नव्हताच?
– माळाधारी, ठाणे

माळाधारी,

आधी पार्सलांचं बोलू. रंग, धूळ, ग्रुप हे सगळं मागून. तुमच्या अख्ख्या पत्रात मला खटकलेली गोष्ट एकच आहे आणि ती तुम्ही ‘खरं सांगायचं तर’ म्हणत मध्येच सरकवून दिलीत. बरं जपानी किट आज तीन-चार हजारांच्या खाली सहसा हाताला लागत नाही. न सांगता घेतलेली पंधरा किट गुणिले तेवढे रुपये, हा हिशेब बँकेतल्या माणसाला मी काय करून दाखवू? रक्कम भयंकर आहे असं मी म्हणत नाही, लोक याहून जास्त मोबाइलवर उडवतात. पण मुलीच्या क्लासची फी आणि घर हलवायचा खर्च एकीकडे चालू असताना ती दडवून ठेवलीत, हे ऐकणाऱ्याला लागणार.

आणि हे उघडकीस येणारच आहे. दिवाळीनंतर पॅकर्सचा माणूस माळ्यावर चढेल, एकेक बॉक्स खाली देईल आणि खाली उभं राहून मोजणार कोण, तर तुमच्या सौ. तेव्हा कळण्यापेक्षा येत्या रविवारी कळू दे. सगळी किट उतरवा, ऑफिसच्या कपाटात काही दडली असतील तर तीही आणा. हॉलमध्ये मांडा, वहीत नाव आणि खरी किंमत लिहा, आणि वही त्यांच्या हातात द्या. बोलणी बसतील. बसू देत.

‘गुंतवणूक’ हा शब्द मात्र त्या दिवशी तोंडातून काढू नका, कारण तो टिकणारा नाही. किट ज्या धातूच्या साच्यातून निघतं, तो साचा दशकानुदशकं चालतो. कंपनीच्या मनात आलं की तीच गाडी नव्या बॉक्समध्ये, नव्या डेकलसकट (गाडीवर चिकटवायचे नंबर आणि पट्टे) पुन्हा दुकानात. तुमच्या यादीत एएमटीच्या चार अमेरिकन गाड्या आहेत. या कंपनीचे साठच्या दशकातले साचे आजही नवं चित्र लावून बाजारात येत असतात. तामिया ही जपानी कंपनीही जुनी किट अधूनमधून पुन्हा काढते. ‘आता मिळणार नाही’ म्हणून दीडपट देऊन घेतलेलं किट वर्षभरात मूळ भावाला दुकानात दिसलं, की तुमची गुंतवणूक तिथेच संपली. थोड्या किटना खरंच भाव येतो, नाही असं नाही. पण ती कुठली हे आधी कळलं असतं तर सगळेच श्रीमंत झाले असते.

शिवाय न उघडलेला बॉक्स आहे तसाच राहतो, हाही गैरसमज. पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकला काही होत नाही, ते तुमच्या-माझ्यामागेही उरेल. आधी जातात ती डेकल. पाण्यात भिजवून चिकटवायचे ते नंबर आणि पट्टे आपल्या दमट हवेत पिवळे पडतात, आणि फार जुने झाले की पाण्यात टाकल्या टाकल्या तुकडे होतात. दुसरी भानगड टायरची. मऊ टायरमधलं नरम ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर झिरपतं आणि टायर ज्या प्लॅस्टिकला टेकलाय ते विरघळवतं; काचेचा पारदर्शक भाग शेजारी असेल तर त्यावर कायमचा गोल वण उमटतो. तिसरं, थप्पीतल्या तळाच्या बॉक्सवर वरच्या सगळ्यांचं ओझं. पुठ्ठा दबला की आतल्या बॉडीच्या छताचे बारीक खांब मोडतात. त्यामुळे माळा रिकामा कराल त्याच दिवशी प्रत्येक किटचे टायर वेगळ्या पिशवीत घाला, डेकल सपाट ठेवून सिलिका जेलच्या पुडीसकट झिपच्या पाकिटात बंद करा. एखादं डेकल आधीच पिवळं झालं असेल तर पाकिटासकट खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवा. बरेचदा पिवळेपणा उतरतो.

इतकी किट जमली याचा सगळा दोष मी तुम्हाला देणार नाही. सीमाशुल्काच्या दरपत्रकात आपली स्केल मॉडेल्स खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, ९५०३ क्रमांकाच्या. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ शुल्क २० वरून एकदम ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. मंत्रालयाच्या डोळ्यांपुढे चिनी बाहुल्या होत्या, फटका तुमच्या निसान स्कायलाइन गाडीच्या किटलाही बसला. तेव्हापासून आपल्याकडच्या मॉडेलवाल्यांना ‘दिसलं की उचल, परत मिळेल न मिळेल’ अशी सवयच लागली. आणि जिथे शुल्काची ही कटकट नाही तिथेही हा रोग आहेच. न बनवलेल्या किटच्या साठ्याला जगभरातले मॉडेलवाले ‘स्टॅश’ म्हणतात आणि त्याचे फोटो कौतुकाने टाकतात. तुमचे एकतीस ऐकून काही जण हसतील, इतके कमी म्हणून.

पण तुमचं गाडं किमतीवर अडलेलं नाही, फेरारीवर अडलंय. बंद बॉक्समधली गाडी नेहमी झाकणावरच्या चित्रासारखीच असते. तिच्यावर धूळ बसत नाही, तिची चाकं उंच होत नाहीत. पहिला भाग कापला की ती तुमच्या हातची गाडी होते, आणि तुमच्या हातच्या गाडीबद्दल चारचौघांत काय ऐकावं लागतं ते तुम्ही एकदा अनुभवलंय. बॉक्सच्या फोटोला मात्र कुणी नावं ठेवत नाही. म्हणून तुम्ही बॉक्सचे फोटो टाकत राहिलात. माणूस कोडगा नसेल तर असंच करतो.

त्या ज्येष्ठ सभासदाने सगळ्यांसमोर, न विचारता लिहायला नको होतं. गृहस्थ उद्धट आहेत. पण त्यांचे तिन्ही शेरे मी पुन्हा वाचले, आणि तिन्हींना साधं कारण आहे, साधा इलाजही आहे. ज्याला येतं त्याच्याच नजरेत या गोष्टी भरतात.

लाल मातकट का झाला? तुम्ही बहुधा करड्या प्रायमरवर लाल मारलात. लाल, पिवळा, नारिंगी हे रंग अंगाने पातळ असतात, खालचा रंग त्यांच्यातून डोकावतो. पांढऱ्या नाहीतर फिकट गुलाबी प्रायमरवर तोच लाल पेटल्यासारखा दिसतो. चाकं उंच बसतात, कारण सस्पेन्शनचा एखादा भाग खोबणीत पुरता न बसताच गोंद वाळलेला असतो. गोंद ओला असतानाच गाडी काचेच्या तुकड्यावर उभी करायची आणि चारही चाकांखाली कागदाची पट्टी सरकवून बघायची. जिथे पट्टी अलगद जाते ते चाक हवेत आहे. राहिली धूळ. तिचं गणित एकदा करून बघा. माणसाचा केस ०.०७ मिलिमीटर जाड धरला तर १:२४ मापात तो खऱ्या गाडीच्या बॉनेटवर पडलेल्या पावणेदोन मिलिमीटरच्या दोरीएवढा होतो. रंगाचा जाड थर ०.१ मिलिमीटर भरला तर खऱ्या गाडीवर ते जवळजवळ अडीच मिलिमीटरचं लिंपण. त्यात मोबाइलचा कॅमेरा चार इंचांवरून बघतो, एवढ्या जवळून गाडीकडे घरात कुणीच बघत नाही. रंगात धूळ अडकली तर हात लावायचा नाही, पूर्ण वाळू द्यायचं, मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तेवढीच जागा हलकी घासायची आणि वरून पुढचा थर. इलाज एवढाच.

म्हणून माझा सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही. त्या गृहस्थांना ग्रुपवर नाही, खासगी फोन करा. ‘काका, तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, दुरुस्त कसं करायचं ते दाखवाल का?’ एवढंच विचारा आणि फेरारी घेऊन त्यांच्याकडे जा. माझा अनुभव असा, की सर्वांसमोर फाडून खाणारी ही मंडळी समोरासमोर बसली की वेगळीच निघतात. त्यांना वर्षानुवर्षं कुणी काही विचारलेलंच नसतं. घरी बहुधा स्प्रे बूथ असतो, कॉम्प्रेसर असतो, रंगांची अख्खी मांडणी असते, आणि ती दाखवायला माणूस नसतो. तिथेही ते टोचून बोलले तर चहा पिऊन निघा, परत जाऊ नका.

आता बनवायचं काय. तुमच्या यादीत तामियाची १:२४ ची १९६६ ची बीटल आहे. ती घ्या. पुन्हा फेरारीच्या वाटेला इतक्यात जाऊ नका, लाल तर नकोच. बीटलला फिकट रंग शोभतात, आणि फिकट रंगावर चूक खपते. किटमध्ये जे आलंय तेवढ्यावरच भागवायचं. वेगळे धातूचे बारीक भाग, महागडे सीट बेल्ट, दुसऱ्या कंपनीची चाकं यातलं एकही मागवायचं नाही. मॉडेलच्या स्पर्धांमध्ये यासाठी ‘आउट ऑफ द बॉक्स’ असा वेगळा गटच असतो, त्यामुळे यात कमीपणा मानू नका. तुम्हाला तर ते पथ्य आहे, कारण तुमचा हात कापण्याआधी खरेदीकडे वळतो.

पावसाळा तोंडावर आहे, आणि तुमच्या सोयीचा आहे. जून ते सप्टेंबर बॉडीवर लॅकर स्प्रे मारायचाच नाही. लॅकरमधला द्रव झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि ठाण्याच्या पावसाळी हवेतलं बाष्प त्या थंड रंगावर बसून पांढुरका धुरळा येतो. गडद रंगावर तर भस्म फासल्यासारखं दिसतं. पण बाकीचं सगळं काम पावसात होतं.

सुरुवातीला स्प्रू, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीत अडकलेले असतात त्या, भांड्यांच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुऊन घ्या. साच्यातून सहज सुटावं म्हणून लावलेल्या तेलकट द्रवाचा अंश राहिला असेल तर रंग धरत नाही. भाग सोडवताना दोनदा कापायचं, आधी भागापासून लांब आणि मग जवळ. एका दणक्यात अंगालगत कापलं की प्लॅस्टिक ताणलं जातं, पांढरं पडतं, कधी टवका निघतो. उरलेला ठिपका ६०० च्या पेपरने. बॉडी हातात घेतलीत की डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, मडगार्डवरून आणि छताच्या कडेवरून नख फिरवा. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे केसाएवढी शिवण असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, आणि चकाकता रंग बसला की ट्यूबलाइटची रेघ तिथेच मोडते. क्राफ्ट नाइफचं पातं उभं धरून ती खरवडून काढा, मग १००० चा पेपर.

जोडायला ती हिरव्या झाकणाची ‘एक्स्ट्रा थिन’ बाटली तुमच्याकडे असणारच. वापर बहुतेक जण उलटा करतात, आधी लावतात आणि मग भाग दाबतात. तो गोंद नाहीच, विरघळवणारा द्रव आहे. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे, ओला ब्रश फटीच्या एका टोकाला नुसता टेकवायचा आणि बघत राहायचं. द्रव आपसूक फटीतून पलीकडच्या टोकापर्यंत धावतो, दोन्ही कडा क्षणभर मऊ करतो आणि एकजीव करून उडून जातो. त्या वेळी बोट फटीवर असेल तर द्रव बोटाखाली शिरतो आणि तुमचा ठसा गाडीवर कायमचा राहतो. धरायला कपड्यांचे चिमटे घ्या. आणि घरातल्या नेलपेंट रिमूव्हरने रंग पुसायचा प्रयोग करू नका. त्यातल्या अ‍ॅसिटोनने रंगासकट दरवाजाही जाईल.

सीट, डॅशबोर्ड, दारांच्या आतल्या बाजू हे सगळं पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकने ब्रशनेच करा. पातळ रंग, दोन-तीन हात, मधे पुरेसा वेळ. वास जवळपास नाही, आईंना त्रास नाही, मुलगी समोर भूमिती सोडवत बसली असली तरी चालेल. गणपतीपर्यंत तुमच्याकडे आतून पूर्ण झालेली, चाकांवर उभी आणि फक्त बॉडीचा रंग राहिलेली बीटल असेल.

बॉडी नवरात्रानंतर. पाऊस लांबला तर त्याच्याही नंतर, घाई नको. दमेकरी माणूस घरात असताना ग्रिल लावून बंद केलेल्या बाल्कनीत कॅन फवारायचा विचारही करू नका. लॅकरची वाफ दाराच्या फटीतून आत येते आणि तासन्‌तास रेंगाळते. काकांशी जमलं तर त्यांचा बूथ. नाहीतर सेक्रेटरींना सांगून गच्ची. पाण्याच्या टाकीच्या सावलीत मोठा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, आतून थोडं पाणी शिंपडा म्हणजे धूळ बसते, आणि सकाळीच उरका. ऑक्टोबरच्या दुपारी रंग गाडीवर पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. कोविडमधले उरलेले एन-९५ मास्क इथे उपयोगाचे नाहीत. ते कण अडवतात, थिनरची वाफ अडवत नाहीत. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला अर्धा मास्क लागतो. वागळे इस्टेटकडे कारखान्यांना सेफ्टीचं सामान पुरवणाऱ्यांकडे विचारा. कॅनमधला वायू पेट घेणारा असतो, तेव्हा देवघरातली समई आणि गॅसची शेगडी यांच्या आसपास कॅन, थिनर काहीही उघडू नका. बॉडीचा वास पुरता जाईपर्यंत ती घरात आणायची नाही. झाकणाच्या डब्यात घालून टाकीच्या खोलीत ठेवा किंवा काकांकडे राहू द्या.

आता उरलेली किट. सगळी विकू नका, आणि सगळी ठेवायचीही नाहीत. किती ठेवायची हे तुम्ही ठरवू नका, नव्या घरातल्या दिवाणाला ठरवू दे. गाद्या-चादरी घालून दिवाणाच्या पोटात जेवढी जागा उरेल त्यातली निम्मी तुमची. माझ्या अंदाजाने त्यात आठ-नऊ बॉक्स बसतील, आणि तुमच्या वेगाने भाड्याच्या घरातली तीन वर्षं त्यात आरामात निघतील. निवडताना ‘ही गाडी मला आवडते का’ असं विचारलंत तर एकतीसही आवडतील. ‘दिवाळीआधी हिला ब्लेड लावायचं धाडस होईल का’ असं विचारा. मिनी कूपर ठेवा. खरी गाडी जेमतेम तीन मीटरची, १:२४ मापात तेरा सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, आणि वन बीएचकेच्या शोकेसला तेच परवडतं. एएमटीच्या चारातली एक ठेवा, तीन द्या.

१:१२ ची टायरेल पी-३४ बघून मी थबकले. सहा चाकांची ती फॉर्म्युला वन गाडी. १९७६ च्या स्वीडिश ग्रां प्रीमध्ये तिच्यासारख्या दोन गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या होत्या. पुढे चार छोटी चाकं असलेली गाडी शर्यत जिंकते, ही गोष्ट सांगायलाच शोकेसमध्ये ठेवावी अशी. तुमच्या यादीतलं सगळ्यात महाग किटही तेच. सौ.ना वही दाखवाल तेव्हा या ओळीवर त्यांचं बोट थांबेल. माझं मत विचाराल तर विका. एवढं मोठं किट दोन गाड्या झालेल्या माणसाने उघडायचं नसतं, तीन वर्षं दिवाणात कोंबून त्याचे टायर आणि डेकल सडवायचे नसतात, आणि त्याच्या पैशांत मुलीच्या क्लासचा एखादा हप्ता निघेल. तुमचे पंधरा लपवलेले बॉक्स माफ व्हायला त्या हप्त्याची मदत होईल, हेही आहेच. पुढे हात बसला की बघा, साचा कुठे जात नाही.

विकताना घाऊकात एकाच व्यापाऱ्याला देऊ नका, तो निम्म्याने मागेल. ग्रुपवर पाच-पाचची यादी टाका. आतल्या पिशव्या बंद आहेत की उघड्या, डेकल पिवळं आहे का, हे आपणहून लिहा. आणि विकून आलेल्या पैशांतून नवं किट घ्यायचं नाही. हा नियम मी घातलेला नाही, सौ. घालतील.

आणि तुमचा ग्रुप. बॉक्सच्या फोटोंवर तो चालतोय तोवर तुमच्यासारखे अजून बरेच जण तिथे गप्प बसलेले असणार. ठाणे-कळवा-ऐरोलीच्या पाच-सहा जणांना विचारा, महिन्यातून एक रविवार एकत्र बसायचं का. वाशी-नेरूळच्या मंडळींना ट्रान्सहार्बरने ठाणं लांब नाही. सोसायटीचं ऑफिस रविवारी दुपारी रिकामं असतं, मोठं टेबल आणि पंखा असला की झालं. बैठकीत स्प्रे नाही. अट एकच ठेवा, पूर्ण झालेली गाडी आणायची नाही, अर्धवटच आणायची. जपानात शिझुओकाला, जिथे तामियाचं घर आहे, दर मे महिन्यात मोठं हॉबी प्रदर्शन भरतं आणि तिथे क्लबांची टेबलं लागतात. तिथल्या गाड्यांचे फोटो बघून आपल्या मंडळींना न्यूनगंड येतो. एकमेकांच्या अर्धवट गाड्या टेबलावर दिसल्या की तो उतरेल. कुणाची खिडकी बसत नाहीये, कुणाचं डेकल वाकडं गेलंय, हे समोर दिसलं की हात आपोआप चालायला लागतात. त्या काकांनाही बोलवा. त्यांच्याकडेही अर्धवट गाड्या असतील. असतातच.

छंद तुमच्यासाठी होता की नव्हता, हे मी दोन गाड्यांवरून सांगू शकत नाही. बीटल झाली की तुम्हीच सांगा. ती करताना कंटाळा आला, नुसतं संपवायचं म्हणून संपवलीत, तर दिवाणातलीही विका आणि खुशाल मोकळे व्हा. छंद सुटला म्हणून कुणी वाईट माणूस होत नाही. पण रात्री अकराला ‘एवढी एक दारपट्टी बसवतो आणि येतो’ असं म्हणालात, तर मग दिवाणातली बाकीची जागाही सौ.शी बोलून मागता येईल. ऑफिसच्या पत्त्यावर मात्र आता काहीही मागवू नका, साधा ब्रशसुद्धा नाही.

ताजा कलमात तुम्ही विचारलंय, की पहिल्या गाडीच्या खिडक्या फेव्हिक्विकने चिकटवल्या तेव्हा काचेवर पांढरा धूर बसला, तो निघेल का. बहुतेक निघेल. फेव्हिक्विक सुकताना त्याची वाफ आसपासच्या प्लॅस्टिकवर बसून घट्ट होते, तीच ही पुटं. २००० चा पेपर पाण्यात बुडवून अगदी हलक्या हाताने फिरवा, मग गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मिळतं ते रबिंग कंपाउंड जुन्या बनियनच्या तुकड्यावर घेऊन गोलगोल चोळा. घरात पांढरी टूथपेस्ट असेल तर कंपाउंडऐवजी आधी तीच चोळून बघा. पुढच्या वेळेपासून काचेला फेव्हिकॉल, टूथपिकच्या टोकाने, बारीक ठिपके देऊन; वाळला की पारदर्शक होतो आणि बाहेर आला तर ओल्या फडक्याने पुसला जातो. आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच फारच खराब झाली असेल तर घासत बसू नका, काढूनच टाका. खिडकी खाली केलेली गाडी कुणालाही चुकीची वाटणार नाही, काकांनासुद्धा.